कोलकाता : गाडीवाचून न अडणारं शहर

मुंबईहून पहाटे सुटलेली गीतांजली एक्स्प्रेस नागपूर, रायपूर, टाटानगर मागे टाकत दुसऱ्या दिवशी दुपारी हावड्याला पोचते. फलाटावर एकच झुंबड उडते. हमालांच्या आरोळ्या, चहावाल्यांची हाळी आणि नातेवाइकांच्या हाका यांत नवखा पाहुणा बावरून जातो. बाहेर येताच दिसेल त्या टॅक्सीवाल्याशी तो घासाघीस सुरू करतो. त्याच डब्यातून उतरलेला कोलकातावासी मात्र टॅक्सीच्या रांगेकडे ढुंकूनही पाहत नाही. पिशवी खांद्याला अडकवून तो क्षणभर थांबतो आणि मनाशी ठरवतो, आज नदी कशी ओलांडायची?

कारण हावडा स्टेशन हुगळीच्या पश्चिम तीरावर आहे आणि जुनं शहर पूर्व तीरावर. १८५४ साली इथून पहिली आगगाडी सुटली, तेव्हापासून नदी ओलांडण्याचा हा प्रश्न रोज लाखो माणसांपुढे उभा राहतो. आज त्याची तीन उत्तरं आहेत. नदीवरून जा, नदीतून जा किंवा नदीखालून जा. तिन्ही वाटा तिकिटाच्या आहेत, एकीला तर तिकीटही लागत नाही. स्वतःची मोटार यांतल्या एकीलाही लागत नाही.

एक नदी, तीन वाटा

नदीवरून जायचं तर हावडा ब्रिज आहे. १९४३ साली खुला झालेला हा पूल नटबोल्टांवाचून, केवळ रिव्हेट ठोकून उभारलेला आहे. दोन मनोऱ्यांमधलं अंतर दीड हजार फूट आणि मध्ये एकही खांब नाही. १९६५ मध्ये त्याला ‘रवींद्र सेतू’ हे नाव मिळालं, पण लोकांच्या तोंडी हावडा ब्रिजच राहिला. या पुलावरून पहिल्यांदा गेली ती ट्राम. पुलावरची ट्राम १९९३ मध्ये बंद झाली. आता बसगाड्या आणि माणसं यांचा लोंढा त्यावरून अखंड वाहत असतो. डोक्यावर झेंडूच्या माळांच्या टोपल्या घेतलेले माळी, कुलींच्या हातगाड्या, कचेरीला निघालेले बाबू, सगळे पायी. पुलाच्या पूर्व टोकाखालीच मल्लिक घाटाचा फुलबाजार भरतो.

नदीतून जायचं तर स्टेशनसमोरच लाँचचा धक्का आहे. हुगळीला समुद्राची भरती-ओहोटी लागते, म्हणून इथली जेटी तरंगती असते. पाणी चढलं की जेटीही वर येते. बाबूघाट, फेअरली प्लेस, आर्मेनियन घाट, बागबाजार अशा ठिकाणी लाँच जातात. अवघ्या काही रुपयांत दहा-एक मिनिटांचा नदीवरचा वारा मिळतो. कचेरीतून दमून आलेला कारकून कठड्याला टेकून उभा राहतो, पूल हळूहळू मागे सरकतो आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत त्याच्या कपाळावरची आठी उतरलेली असते.

तिसरी वाट सर्वांत नवी. १५ मार्च २०२४ पासून हावडा मैदान ते एस्प्लनेड ही मेट्रो नदीच्या तळाखालून धावू लागली. हावड्याचं मेट्रो स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर खोल आहे. सरकत्या जिन्यांवरून उतरता उतरता पाहुण्याला विहिरीत चाललो आहोत की काय असं वाटतं. नदीखालचा बोगदा साधारण ५२० मीटरचा. गाडी तो पाऊण मिनिटात पार करते. तेवढ्या भागात बोगद्यात निळे दिवे लावले आहेत, म्हणजे डोक्यावर नदी आहे हे कळावं. दिवे लागले की लहान मुलं खिडकीच्या काचेला नाक लावतात. खरं सांगायचं तर मोठी माणसंही लावतात.

रस्ते कमी, माणसं फार

कोलकात्यात ही अशी व्यवस्था का वाढली? पहिलं कारण शहराच्या घडणीत आहे. नदीच्या काठाकाठानं लांबट वाढलेलं हे शहर. पूर्वेला पाणथळ जमीन. शहराच्या एकूण क्षेत्रफळात रस्त्यांचा वाटा जेमतेम सहा टक्के, असं वाहतुकीचे अभ्यासक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत. दिल्लीत हा वाटा वीस टक्क्यांच्याही वर आहे. एवढ्याशा रस्त्यावर प्रत्येक घराची एक मोटार उतरली, तर ती उतरेल, पण हलणार नाही.

दुसरं कारण इतिहासात. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. उतारू पुरेसे मिळेनात म्हणून ती काही महिन्यांत बंदही पडली. १८८० मध्ये कलकत्ता ट्रामवेज कंपनी स्थापन झाली आणि २७ मार्च १९०२ रोजी एस्प्लनेड ते खिदिरपूर विजेची ट्राम धावली. शहराचे नवे भाग मग ट्रामच्या रुळांच्या कडेनं वसत गेले. शाळा, बाजार, सिनेमागृह, डॉक्टरचा दवाखाना, सगळं ट्रामच्या थांब्याजवळ. घर घेताना माणसं विचारत, ट्रामलाइन किती लांब?

ट्रामशी या शहराचं नातं किती जवळचं होतं, ते १९५३ मध्ये दिसलं. ट्राम कंपनी तेव्हा ब्रिटिश मालकीची होती. तिनं दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशानं वाढवलं. तो जुना पैसा, रुपयाला चौसष्ट. एवढ्याशा वाढीविरुद्ध सारं शहर रस्त्यावर उतरलं. लोकांनी ट्रामवर बहिष्कार घातला, लाठीमार झाला, जाळपोळ झाली, हजारो अटकेत गेले. अखेर भाडेवाढ मागे घ्यावी लागली. बंगालच्या राजकारणात तो लढा ‘एक पैशाचं आंदोलन’ म्हणून ओळखला जातो. एका पैशासाठी एवढं कशाला, असं परक्याला वाटेल. पण ज्याच्या घरात दुसरं वाहन नाही, त्याच्या दृष्टीनं तिकिटाचा दर हा तांदळाच्या दराइतकाच घरचा प्रश्न असतो.

जमिनीखालची किंमत

भारतातली पहिली मेट्रोही इथलीच. डिसेंबर १९७२ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर हा केवळ ३.४ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. दमदम ते टॉलीगंज ही सलग मेट्रो धावायला १९९५ चा सप्टेंबर उजाडला. मधली वर्षं शहरानं खड्ड्यांत काढली. त्या काळी रस्ता वरून खोदून आत बोगदा बांधत आणि मग तो बुजवत. चौरंगीसारखे मोठे रस्ते वर्षानुवर्षं उखडलेले होते. पावसाळ्यात दुकानांपुढे फळ्या टाकून गिऱ्हाईक आत घ्यावं लागे. ज्यांनी ते सोसलं, त्यांतले कित्येक आज पांढऱ्या केसांनी ज्येष्ठांच्या राखीव बाकावर बसून प्रवास करतात.

नव्या मार्गाचीही किंमत काही घरांना फार मोठी पडली. ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस बऊबाजार भागात बोगदा खणताना यंत्र जमिनीखालच्या पाण्याच्या साठ्याला लागलं. वरची जमीन खचली, जुन्या इमारतींना तडे गेले, काही कोसळल्या. अनेक कुटुंबांना नेसत्या वस्त्रानिशी बाहेर पडावं लागलं. त्यामुळे एस्प्लनेड ते सियालदह हा अगदी छोटा तुकडा रखडला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाला. आता हावडा आणि सियालदह ही दोन महाकाय स्टेशनं अकरा-बारा मिनिटांच्या अंतरावर आली आहेत. हा प्रवास सोपा झाला, तो कुणाच्या तरी घराच्या भिंतीवरून गेला आहे, हे बऊबाजारातली माणसं विसरलेली नाहीत.

एका घराची सकाळ

गडियाहाटजवळचं कुठलंही मध्यमवर्गीय घर डोळ्यांसमोर आणा. सकाळी सगळ्यांत आधी येते ती घरकाम करणारी बाई. कॅनिंगसारख्या दूरच्या गावाहून ती पहाटेची लोकल पकडते, बालीगंज स्टेशनवर उतरते आणि पायी घर गाठते. तिची लोकल चुकली, तर चार घरांची चूल उशिरा पेटते.

मग घरचा मुलगा निघतो. त्याची कचेरी सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तो कोपऱ्यावरून रासबिहारीची ऑटो धरतो. इथली ऑटो मीटरवर चालत नाही, ठरलेल्या मार्गावर चालते. मागे तिघं, पुढे ड्रायव्हरशेजारी एक. कालीघाटला मेट्रो, एस्प्लनेडला गाडी बदल, की सेक्टर फाइव्ह. पूर्वी यात बसमध्ये दीड-दोन तास जात. मुलगी प्रेसिडेन्सीत शिकते. ती महात्मा गांधी रोड स्थानकावर उतरून कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांसमोरून चालत जाते. कधी कधी वर्ग बुडतो, तो या दुकानांमुळे. मेट्रोचं किमान भाडं ५ रुपये आहे, तेव्हा तिला घरी पैसे मागण्यासाठी फारसं तोंड उघडावं लागत नाही.

आई बसनं जाते. कोलकात्याच्या खाजगी बसचा कंडक्टर हा एक स्वतंत्र प्राणी आहे. बोटांच्या बेचक्यांत घडी केलेल्या नोटा, तळहातात तिकिटांची चळत, अर्धं अंग दाराबाहेर आणि तोंडानं पुढच्या सगळ्या थांब्यांची माळ एका श्वासात. बसच्या पत्र्यावर तो थापा मारतो आणि ड्रायव्हर त्या थापांचा अर्थ ओळखतो. बाई उतरणार असेल तर तो ओरडतो, “आस्ते! लेडीज!” कडेवर मूल असेल तर त्याचीही वर्दी पुढे जाते. बस पुरती थांबत नाही, पण हळू होते. आईला त्याची सवय आहे.

आजीला मात्र नाही. तिला लागे ती ट्राम. ट्रामलाही पायऱ्या होत्या आणि ती रस्त्याच्या मधोमध उभी राही, पण थांबली की पुरती थांबे. आजी दांडा धरून सावकाश चढेपर्यंत कंडक्टर घंटेची दोरी ओढत नसे. रासबिहारी अ‍ॅव्हेन्यूवरून कालीघाटला, बहिणीकडे, डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती एकटी जाऊन येई. कुणाला रजा काढावी लागत नसे, कुणाचा हात धरावा लागत नसे.

या घरात मोटार नाही, यात काटकसर आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की घरातल्या प्रत्येकाला आपापल्या वेळी, आपापल्या वाटेनं बाहेर पडता येतं. दुर्गापूजेत तर ही सोय उत्सवाचाच भाग होते. सप्तमी, अष्टमी, नवमीला मेट्रो रात्रभर धावते. मध्यरात्री दोन वाजता नटूनथटून निघालेल्या मुलींचे घोळके, झोपेनं पेंगुळलेली बाळं, नव्या चपला हातात धरून अनवाणी चालणाऱ्या आज्या, सगळे एका डब्यात. मांडवांभोवतीच्या गल्ल्यांत त्या रात्री मोटारीला शिरकावच नसतो.

मोटार बनवणारं स्टेशन

गंमत अशी, की भारतातली सर्वांत प्रसिद्ध मोटार बनली ती याच शहराच्या उंबरठ्यावर. हावड्याहून बंडेलच्या लोकलमध्ये बसलं की उत्तरपाड्यानंतर ‘हिंदमोटर’ नावाचं स्टेशन लागतं. इथल्या हिंदुस्तान मोटर्सच्या कारखान्यातून सत्तावन्न वर्षांच्या आसपास अ‍ॅम्बेसेडर बाहेर पडत राहिली. मंत्र्यांची पांढरी गाडी आणि कोलकात्याची पिवळी टॅक्सी, दोन्ही त्याच साच्यातल्या. २०१४ च्या मे महिन्यात कारखान्याचं काम थांबलं. त्याआधी कितीतरी कामगार मोटार बनवायला रोज लोकलनं येत आणि लोकलनंच घरी जात. कारखाना थंडावला, पण त्याच्या नावाच्या स्टेशनावर लोकल अजून थांबते. पंधरा वर्षांहून जुनी भाड्याची वाहनं रस्त्यावर चालवायला मनाई असल्यानं पिवळ्या टॅक्सीही झपाट्यानं ओसरत चालल्या आहेत.

रूळ डांबराखाली

या शहराची नुसती स्तुती करून भागणार नाही. गर्दीच्या वेळी मेट्रोत पाय ठेवायला जागा नसते. पदपथ फेरीवाल्यांनी भरलेले आहेत. रात्र चढली की बस मिळेनाशी होते. ऑटोवाल्याशी ‘खुचरो’वरून, म्हणजे सुट्ट्या पैशांवरून, दिवसाला एक तरी भांडण ठरलेलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जुन्या मेट्रोचे जिने डोंगरासारखे वाटतात. म्हणून ज्यांना परवडतं, ती घरं मोटार घेत आहेत. मोटारी वाढल्या की रस्ता अडतो, आणि रस्ता अडला की त्याचा आळ ट्रामवर येतो.

कधीकाळी तीसहून अधिक मार्गांवर धावणारी ट्राम आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. कुठे उड्डाणपूल आला, कुठे मेट्रोचं काम निघालं, कुठे रुळांवर डांबर पडलं. २०२० च्या मे महिन्यात आलेल्या अम्फान वादळानं मैदानातून खिदिरपूरला जाणारी, झाडांच्या सावलीतली लाइन बंद पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं जाहीर केलं, की एस्प्लनेड ते मैदान एवढा एक वारशाचा तुकडा ठेवून बाकी ट्राम थांबवायची. ट्राम हळू चालते, तिच्यामुळे कोंडी होते, हा सरकारचा मुद्दा. ट्रामप्रेमी नागरिक म्हणतात, धूर न सोडणारं, शंभर माणसं नेणारं वाहन काढून चार-चार माणसांच्या मोटारींना जागा देणं ही कसली सुधारणा? प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयातही गेलं आहे. जगभरातली कितीतरी शहरं उखडलेले रूळ पुन्हा घालत आहेत. मेलबर्नच्या ट्रामप्रेमींनी तर १९९६ पासून इथल्या मित्रांसोबत ‘ट्रामजात्रा’ नावाचा उत्सव भरवला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्रामला दीडशे वर्षं झाली, तेव्हा सजवलेल्या जुन्या ट्राम रस्त्यावर निघाल्या आणि लोक खिडक्यांतून हात हलवत होते.

वारशाचा तुकडा हौशी पाहुण्यांसाठी ठीक आहे. आजीला कालीघाटला जायचं असतं, तिला एस्प्लनेड ते मैदान फेरीचा काय उपयोग? ऑटो, मेट्रो, लाँच, लोकल, बस, ट्राम ही सगळी एका साखळीची कडी आहेत. तरुण, धडधाकट माणूस एक कडी तुटली तरी उडी मारून पुढची गाठतो. म्हातारं माणूस तिथेच अडतं. मग तिला नेण्यासाठी मुलाला रजा काढावी लागते आणि घरात पहिल्यांदा मोटारीचा विषय निघतो.

पाहुण्यासाठी एक दिवस

कोलकाता खरं पाहायचं तर एक दिवस टॅक्सीला हात न करता काढावा. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास ही इथल्या मराठी मंडळींची जुनी वास्तू आहे. तिथून जवळच्या जतीन दास पार्क स्थानकावर सकाळी लवकर मेट्रो धरावी. वाटेत रवींद्र सदन स्थानकाच्या भिंतींवर रवींद्रनाथांच्या हस्ताक्षरांच्या प्रतिकृती दिसतात. २०२१ पासून ही मेट्रो थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते. स्थानकाबाहेरच मंदिराकडे नेणारा उंच पादचारी मार्ग आहे. कालीमातेचं दर्शन घेऊन घाटावरून लाँचनं बेलूर मठ गाठावा. दोन्ही ठिकाणं दुपारी काही तास बंद असतात, म्हणून उशीर करू नये.

बेलूरहून बसनं हावडा, तिथून लाँचनं बाबूघाट. संध्याकाळ प्रिन्सेप घाटावर काढावी. नदी आणि घाट यांच्यामधून १९८४ पासून चालणारी चक्ररेल्वे जाते. भेळेसारखी ‘झालमुडी’ खात तिची वाट पाहणारे उतारू रुळांच्या कडेलाच गप्पा मारत बसलेले असतात. रात्री एस्प्लनेडहून मेट्रोनं परत. गर्दीच्या वेळा टाळाव्यात, खिशात पाच-दहाची नाणी ठेवावीत आणि रस्ता विचारायला संकोचू नये. एकाला विचारलं तर चौघं सांगतात, आणि चौघांचं एकमत होईपर्यंत बस निघून जाते. दुसरी येते. माणशी शंभराच्या नोटेत सगळ्या तिकिटांचा खर्च भागतो.

परतीच्या गीतांजलीत बसलेला पाहुणा आपल्या गावी पोचेल, तेव्हा त्याच्या दारात गाडी उभी असेल. मुलीला क्लासला सोडायचं, आईला दवाखान्यात न्यायचं, बायकोला स्टेशनवरून आणायचं, यासाठी घरात रोजचा एक प्रश्न ठरलेला असेल : गाडी कोण काढतंय? गडियाहाटच्या त्या घरात हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही. आजी मात्र गेले काही महिने कालीघाटला गेलेली नाही.